दूध केंद्रांवरच्या घड्याळांची भानगड : प्रकल्प नोंदी, जुलै-ऑगस्ट २०२५

११ जुलै, शुक्रवार

दसवडा (दुधाचा दहा दिवसांचा हिशोब) काल संपला, आज बिलं निघाली आणि साडेदहाला वरच्या वाडीच्या संस्थेच्या सचिवांचा फोन. "साहेब, एका म्हातारीचं नऊ तारखेचं संध्याकाळचं सात लिटर चारशे दूध बिलातनं गायब हाय, पावती तिच्या हातात हाय आणि ती इथं पायरीवर बसलीया." म्हणलं पावतीचा फोटो पाठवा. पावतीवर ९ जुलै, १८:२२, ७.४ लिटर, फॅट ४.१, सगळं नीट. सर्व्हरवर बघतो तर त्याच म्हातारीची ९ च्या संध्याकाळची नोंद ६.१ लिटर, वेळ १९:२४. आणि १० च्या सकाळची नोंदच नाही.

म्हणजे दूध गायब झालेलं नाही, १० तारखेचं सकाळचं दूध ९ च्या संध्याकाळवर जाऊन बसलंय. एका सभासदाची एका शिफ्टला एकच नोंद, दुसरी आली तर पहिलीवर लिहायची, हा नियम मीच ठेवला होता, कारण कधीकधी माप परत घ्यावं लागतं. आणि शिफ्ट कशावरून ठरते? घड्याळावरून. दुपारी बाराच्या आत सकाळ, नंतर संध्याकाळ. तेव्हा फार हुशारी वाटली होती.

बिल हातानं दुरुस्त करून दिलं. म्हातारीला सचिवांनी चहा पाजला म्हणे.

१२ जुलै, शनिवार

पावसात गाडी काढून वाडीला गेलो. केंद्रावर रास्पबेरी पाय ३ (तळहातावर मावणारा संगणक, आम्ही नुसतं पाय म्हणतो), त्याला वजनकाटा, फॅट मशीन, छोटा प्रिंटर आणि सिमवाला राऊटर. केंद्रावरचा पोरगा प्रामाणिक, सगळं सांगतो. संध्याकाळचं संकलन झालं की आठ-सव्वाआठला तो बोर्डावरची पिन उपसतो आणि पहाटे पाचला परत लावतो. "दादा, रात्रभर चालू ठिवला तर उंदरं वायर कुरतडत्यात." मुद्दा बिनतोड आहे.

पायाला घड्याळच नाही. (हा विनोद मी गेली तीन वर्षं मारतोय, कुणी हसत नाही.) म्हणजे बॅटरीवर चालणारं आरटीसी (करंट नसतानाही वेळ सांभाळणारी चिप) बोर्डावर नाहीच, पाय ५ च्या आधीच्या कुठल्याच पायावर नाही. करंट गेला की वेळ गेली. मग चालू झाल्यावर तो कुठली वेळ दाखवतो? गेल्या दहा दिवसांतली रोजची सकाळची पहिली पावती काढली. १९:१८, १९:१९, १९:१८, परत १९:१८, मधेच एक १९:४४. ज्या दिवशी नेट लगेच आलं त्या दिवशी ०५:०६ वगैरे, म्हणजे बरोबर.

या १९:१७ च्या आसपास घुटमळण्यानं डोकं खाल्लं. पिन तर आठनंतर उपसतात, मग सव्वासात कुठून आलं? घरी येताना गाडीवर असतानाच ट्यूब पेटली. डेबियनमध्ये (पायावरचं लिनक्स त्यावरच बेतलेलं) दर तासाची क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, कामं तासाच्या १७ व्या मिनिटाला चालतात, क्रॉनटॅब या त्याच्या वेळापत्रकात तो १७ आकडा तसा लिहिलेलाच असतो. आणि फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचं जे पॅकेज पायावर आधीपासून असतं ते दर तासाला त्याच वेळी चालू वेळ एका फायलीत लिहून ठेवतं, बूट होताना तीच वाचतं. नीट शटडाऊन केलं तर तेव्हाही लिहितं, पण पिन उपसल्यावर कसलं शटडाऊन. म्हणून ८:१० ला उपसला तर शेवटची लिहिलेली वेळ ७:१७. पाय पहाटे पाचला उठतो आणि त्याला वाटतं आदल्या संध्याकाळचे सव्वासातच वाजलेत. रात्री फाईल उघडून बघितली तर आत १३:४७:०१, क्षणभर परत गोंधळ, मग लक्षात आलं की ती यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते, साडेपाच तास मिळवले की १९:१७. बसलं.

१४ जुलै, सोमवार

ते एकमेव १९:४४ राहिलं होतं. ते सिस्टिमडी-टाइमसिंकडीचं, म्हणजे नेटवरून वेळ लावणाऱ्या प्रोग्रॅमचं. आमची इमेज (पायावर टाकायची तयार सिस्टिम) बुलसआय या डेबियनच्या आवृत्तीची, २०२२ मध्ये बनवलेली, त्यावर वेळ लावायला तेच होतं. त्याचंही एक स्वतःचं फाइल-शिक्का प्रकरण आहे, दर यशस्वी सिंकला तो एका रिकाम्या फायलीची तारीख बदलतो आणि बूट होताना घड्याळ त्या तारखेच्या मागे असेल तर तिथवर पुढे ढकलतो. त्या संध्याकाळी नेट होतं, शेवटचा सिंक पावणेआठच्या आधी झाला असणार. बाकीच्या दिवशी आदल्या संध्याकाळपासूनच नेट गेलेलं.

टाइमसिंकडीचे डिफॉल्ट वाचले. सुरुवातीला ३२ सेकंदांनी विचारतो, हळूहळू २०४८ सेकंदांपर्यंत जातो. फरक ०.४ सेकंदांपेक्षा जास्त असला तर सरळ उडी, कमी असला तर हळूहळू सरकवणं. एका वेळी एकाच सर्व्हरवर विश्वास. लॅपटॉपसाठी झकास. लॅपटॉपला आत बॅटरीवरचं घड्याळ असतं, वायफाय दहा सेकंदांत लागतं, आणि वेळेनं उडी मारली तरी कुणाचं दूध सांडत नाही. आमच्याकडं नेट पहाटे साडेपाचला आलं की संकलन मधेच १९:४० वरून ०५:३० ला उडतं, निम्मी रांग कालच्या संध्याकाळात, निम्मी आजच्या सकाळी. यात टाइमसिंकडीची काही चूक नाही. ज्यानं हे आकडे ठरवले त्याच्या डोळ्यासमोर म्हशी नव्हत्या, एवढंच.

आज ठरवलं ते असं. शिफ्ट घड्याळावरून ठरवणं बंद, पोरगा बटण दाबेल, सकाळ का संध्याकाळ. पावतीला चालू नंबर, क्रम त्यावरून. ओव्हरराईट बंद. हे आधी, घड्याळ नंतर. घड्याळ कितीही नीट केलं तरी एक दिवस ते चुकणारच आहे.

१५ जुलै, मंगळवार

टेबलावरच्या पायावर क्रोनी (वेळ लावणारा दुसरा प्रोग्रॅम) टाकलं, टाइमसिंकडी आपोआप निघालं. डेबियनची तयार कॉन्फिग फाईल ओळ ओळ वाचली, इतकी वर्षं कॉपी-पेस्ट करूनही कधी वाचली नव्हती हे कबूल.

पूल (वेळ देणाऱ्या सार्वजनिक सर्व्हरांचा गट) २.डेबियन वगैरे, पुढे आयबर्स्ट. पूल म्हणलं की चार सर्व्हरपर्यंत धरतो. तो पुढचा २ उगाच नाही, पूलच्या नावांमध्ये २ नंबरवाल्यालाच आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे नेटचे, पत्तेही मिळतात. आयबर्स्टमुळे सुरुवातीचे प्रश्न दोन-दोन सेकंदांनी जातात, नाहीतर पहिली वेळ लागायलाच काही मिनिटं. ड्रिफ्टफाईल, म्हणजे या बोर्डाचं स्फटिक किती पळतं किंवा रेंगाळतं त्याची वही. मग आरटीसीसिंक, आणि मेकस्टेप १ ३.

या शेवटच्या ओळीवर अर्धा दिवस गेला. अर्थ असा की फरक १ सेकंदापेक्षा जास्त असेल तर उडी मार, पण सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन अपडेटमध्येच. त्यानंतर कितीही फरक असो, सरकवत सरकवतच आणायचं. मला वाटायचं हे क्रोनीचंच डिफॉल्ट. नाही, ही ओळ डिस्ट्रोवाल्यांनी (इथं डेबियननं) घातलेली आहे. ती काढली तर क्रोनी मुळात उडी मारतच नाही. म्हणजे डिफॉल्टचेही दोन मजले, एक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा, एक पॅकेज बांधणाऱ्याचा.

सिमचा डेटा संपेल अशी ऑफिसात एकाला भीती. हिशोब केला. एका सर्व्हरमागे एक पॅकेट हेडरसकट ७६ बाईट, येऊन-जाऊन १५२. सगळ्यात घाईचा डिफॉल्ट दर ६४ सेकंदांनी, दिवसाला १३५० वेळा, २०५ केबी. आणि घड्याळ स्थिर झालं की १०२४ सेकंदांवर जातो, तेव्हा दिवसाला १३ केबी. गुड मॉर्निंगचा एक फुलांचा फोटो याच्यापेक्षा मोठा असतो.

१७ जुलै, गुरुवार

काल संध्याकाळी मी अतिशहाणपणा केला. म्हणलं चौदा पाय बाहेरच्या सर्व्हरना कशाला विचारतील, शीतकरण केंद्रावरचा आपला सर्व्हर आहे, वायरगार्डचा बोगदा (नेटमधून जाणारी आमची खाजगी कुलूपबंद वाट) आहे, सगळ्यांनी त्यालाच विचारावं. पूलची ओळ काढली, आपला आतला पत्ता घातला. टेबलावरच्या पायाची पिन ८:१० ला मुद्दाम उपसली आणि आज सकाळी सातला लावली.

बोगदा लागेना. पिंग नाही. नेट चालू, सिमला रेंज फुल, किल्ल्या बरोबर. तासभर राऊटरला शिव्या दिल्या. मग ७:५३ च्या सुमाराला काहीही न करता बोगदा आपोआप उघडला.

५३ मिनिटं. पाय उठला तेव्हा त्याच्या मते १९:१७ वाजलेले, आणि पिन उपसलेली २०:१० ला. वजा करा. वायरगार्डच्या प्रत्येक हँडशेकमध्ये (जोडणी सुरू करायच्या निरोपात) पाठवणाऱ्याची वेळ असते, आणि सर्व्हर त्या पायाकडून आलेली सगळ्यात मोठी वेळ लक्षात ठेवतो, तिच्या मागची वेळ आली की कुणीतरी जुनं पॅकेट परत फेकतंय असं समजून गप्प बसतो. सुरक्षेसाठी बरोबरच आहे. पण आमचा पाय कालच्या सव्वासातला बसून दार वाजवत होता, आणि दार आठ वाजून नऊ मिनिटांपर्यंतचं सगळं ऐकून बसलेलं. वेळ मिळवायला बोगदा पाहिजे, बोगद्याला वेळ पाहिजे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

वेळेचा एक तरी स्रोत बोगद्याबाहेर पाहिजे, आणि पायाला खरं घड्याळ पाहिजे. पंधरा डीएस३२३१ (बॅटरीवरचं घड्याळ) मॉड्यूल मागवली.

१९ जुलै, शनिवार

मॉड्यूल आली. या निळ्या पट्टीवर नाणंसेलची जागा असते आणि सोबत चार्जिंगचं सर्किट. ते चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे, आपण सगळे त्यात साधा सीआर२०३२ घालतो जो चार्ज करायचा नसतो, ५ व्होल्टवर तर नकोच. पायावर ३.३ देतोय तरी त्या वाटेवरचा रेझिस्टर काढून टाकला, पंधरा वेळा, सोल्डरिंगच्या वासानं घरच्यांनी गॅलरीत हाकललं.

चिप चांगली आहे, तापमान बघून स्वतःला सावरते, २ पीपीएमच्या (दहा लाखांत दोन) आत राहते म्हणजे वर्षभरात मिनिटभराचा फरक. कॉन्फिगमध्ये ओव्हरलेची, म्हणजे चिप जोडली आहे हे पायाला सांगणारी, एक ओळ टाकली, ६८ पत्त्यावर दिसली, खूश. रीबूट केलं, वेळ परत जुनीच!

कारण फेक-एचडब्ल्यूक्लॉक अजून आत बसलेलं. ते काढलं. तरी जुनी. चिपचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून उशिरा लोड होतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरुवातीला आरटीसी शोधतो तेव्हा तो आलेलाच नसतो. त्यासाठी यूडेव्हची (जोडलेली उपकरणं ओळखणारा भाग) एचडब्ल्यूक्लॉक-सेट म्हणून स्क्रिप्ट आहे, पण तिच्यात वरच लिहिलंय की सिस्टिमडी (लिनक्समधली सगळी कामं सुरू करणारा प्रोग्रॅम) चालू असेल तर काही न करता बाहेर पड. आणि सिस्टिमडी असतंच. त्या तीन ओळींना कॉमेंट केलं तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. उलट दिशेचं काम, म्हणजे बरोबर झालेली वेळ चिपमध्ये लिहिणं, ते आरटीसीसिंक या ओळीमुळे कर्नल दर ११ मिनिटांनी स्वतः करतो.

पिन उपसून तीन तासांनी लावली. वेळ बरोबर, बोगदा चार सेकंदांत.

२२ जुलै, मंगळवार

आज वेगळंच. शीतकरण केंद्रातनं फोन, साडेसहा वाजले की स्क्रीनवर उद्याची तारीख येते आणि संध्याकाळचं निम्मं दूध उद्यात जातं. साडेसहालाच का, एवढं ऐकून उत्तर मिळालं. रात्रीच्या बारातून साडेपाच वजा करा.

त्या पीसीत दोन डिस्क, एकावर लिनक्स, एकावर जुनं विंडोज. फॅट मशीनवाल्याचा माणूस रविवारी आला होता, त्यानं विंडोज चालू करून काहीतरी अपडेट केलं. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तीच यूटीसी समजून वाचतं आणि वर साडेपाच तास चढवतं. पण तिथं एनटीपीडी (एनटीपी या नेटवरून वेळ जुळवायच्या पद्धतीचा जुना प्रोग्रॅम) होतं ना, त्यानं सुधारायला नको का? लॉग बघितला. १९८०० सेकंदांची दुरुस्ती १००० च्या मर्यादेबाहेर आहे, घड्याळ हातानं लावा, असं सांगून ते बंद पडलं होतं. दोन दिवस बंद, कुणाला पत्ता नाही. १९८०० हा आकडा दिसला की भारतातल्या माणसानं पुढं काही शोधायचं नाही, साडेपाच तासांचे सेकंद आहेत ते.

एनटीपीडीचे हे डिफॉल्ट जुने आहेत. १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर सरकवायचं, वर गेलं तर उडी, आणि १००० सेकंदांच्या वर गेलं तर हात जोडून बाहेर. डेलावेअर विद्यापीठाच्या डेव्हिड मिल्स यांचं काम, एनटीपीचं पहिलं आरएफसी (नेटच्या नियमांचा दस्तऐवज) १९८५ चं, गेल्या वर्षी जानेवारीत ते वारले. १००० च्या मागचा विचार मला तर पटतो, एवढा फरक असेल तर मशीनपेक्षा माणसानं बघावं. फक्त माणूस तिथं पाहिजे. सुरू करताना वजा-जी हा पर्याय दिला की पहिल्या वेळेपुरती ही मर्यादा उठते आणि डेबियनचं पॅकेज ते देतंच, पण इथं आमच्या आधीच्या कुणीतरी हातानं सर्व्हिस फाईल लिहिलेली, त्यात ते नव्हतं.

एनटीपीडी काढून क्रोनी. विंडोजलाही रजिस्ट्रीत सांगितलं की बोर्डाचं घड्याळ यूटीसीत आहे.

२३ जुलै

बिलं काढणाऱ्या मॅडमचा विंडोज पीसी ९ सेकंद पुढे. डोमेनमध्ये नसलेलं जुनं विंडोज ६०४८०० सेकंदांनी एकदा विचारतं, म्हणजे आठवड्यानं. ९ सेकंदांनी त्यांचं काही अडत नाही. सोडून दिलं.

२५ जुलै, शुक्रवार

ऑडिटरनं विचारलं, सर्ट-इनचं (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) पाळता का. २८ एप्रिल २०२२ चा आदेश, की घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडा. भारतीय प्रमाणवेळ सांभाळते तीच प्रयोगशाळा. आम्हाला तो लागू आहे का यावर दोन वकील दोन बोलतील, पण करायला खर्च शून्य, मग करूनच टाकू. शीतकरण केंद्रावर एनआयसीचे समय१, समय२ आणि प्रयोगशाळेचा एक. पायांवर समय१, समय२ बोगद्याबाहेरून आणि आपला सर्व्हर बोगद्यातून. गूगलचे सर्व्हर घ्यायचे नाहीत, ते लीप सेकंद (प्रमाणवेळेत कधीतरी घालायचा जास्तीचा सेकंद) दिवसभर पसरवून देतात, बाकीचे एकदम देतात, दोन्ही मिसळले की क्रोनी कुणाचं ऐकणार. तसा शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ चा. भारतात तेव्हा १ जानेवारीचे पहाटेचे साडेपाच वाजत होते, म्हणजे ऐन दूध काढायची वेळ.

इमेज बनवताना पत्ते नावानं टाकलेत, आयपी आकडे नाहीत. याला कारण आहे. २००३ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या एनटीपी सर्व्हरवर अचानक पॅकेटांचा लोंढा आला, हल्ला वाटला, निघालं काय तर नेटगिअरच्या घरगुती राऊटरांमध्ये त्या सर्व्हरचा आयपी कायमचा कोरलेला, आणि उत्तर आलं नाही की दर सेकंदाला परत विचारायचं असं डिफॉल्ट. असे सात लाखांच्या वर राऊटर लोकांच्या घरी. विकलेला राऊटर परत बोलावता येतो थोडाच. आमचे चौदाच आहेत, पण सवय चौदापासूनच लागते.

२८ जुलै, सोमवार

मेकस्टेपवर परत आलो. टेबलावरच्या पायाचं घड्याळ चालू असताना हातानं एक तास पुढे केलं. पहिल्या तीन अपडेट कधीच संपलेल्या, त्यामुळे उडी नाही. क्रोनी जास्तीत जास्त बारावा हिस्सा वेगानं सरकवतं, डिफॉल्टच आहे ते, म्हणजे एका तासाला कमीत कमी बारा तास. शीतकरण केंद्रासारखा साडेपाच तासांचा घोळ चालू मशीनवर झाला तर ६६ तास. तेवढा वेळ घड्याळ ना इकडचं ना तिकडचं.

तिसरा आकडा वजा १ केला तर कधीही उडी मारेल. मोह झाला. मग संकलन चालू असताना एखाद्या बिघडलेल्या सर्व्हरच्या नादानं उडी मारली तर? ते नको. १ ३ च ठेवलं, कारण आता प्रत्येक सकाळ ही नवी सुरुवात आहे, पोरं पिन उपसतातच, तीन अपडेट रोज नव्यानं मिळतात. उंदरांचे उपकार. वर, पोरांच्या लॉगिनचा वेळ बदलायचा अधिकार काढला.

आणि संकलनाचं सॉफ्टवेअर सुरू व्हायच्या आधी क्रोनीसीचं वेटसिंक (वेळ जुळेपर्यंत थांबायचा हुकूम), सहा प्रयत्न, दहा-दहा सेकंदांनी. मिनिटभरात जमलं तर ठीक, नाही तर थांबायचं नाही, रांगेत माणसं असतात. तसंच चालू करायचं आणि पावतीवर वेळेपुढं फुली छापायची.

१ ऑगस्ट, शुक्रवार

चौदापैकी तेरा केंद्रांवर बसवलं. सगळीकडं रीच ३७७, म्हणजे शेवटच्या आठही प्रश्नांना उत्तर. हा आकडा अष्टमान पद्धतीत असतो, ऑफिसात एकानं "३७७ पैकी किती?" विचारलं.

नदीपलीकडच्या केंद्रावर मात्र दोन्ही समयचा रीच ०. त्या सिमवर १२३ पोर्टच (एनटीपीची ये-जा होते ते दार) अडवलाय, कंपनीला फोन केला तर "सर, राऊटर रिस्टार्ट करून बघा". तिथं वेळ फक्त बोगद्यातून. पंधरा दिवसांपूर्वी असं केलं असतं तर रोज पाऊण-एक तास दार बंद. आता चिप खरी वेळ सांगते, बोगदा उघडतो, मग सर्व्हरकडून मिलिसेकंद.

चौदाव्या केंद्राचा रस्ता पाण्याखाली.

११ ऑगस्ट, सोमवार

दसवड्याची बिलं गेली. वेळेची तक्रार एकही नाही. फुलीवाल्या पावत्या १९, सगळ्या नदीपलीकडच्या, दोन सकाळच्या जेव्हा रेंजच नव्हती. त्यांच्या वेळा सर्व्हरशी ताडून बघितल्या, फरक सेकंदाच्याही आत. चिपच बरोबर होती, फुली उगाच.

वाडीच्या सचिवांचा फोन आला म्हणून पोटात गोळा आला, तर ती म्हातारी विचारतेय, पावतीवर आता नंबर कसला छापताय, लॉटरी हाय का.

चौदावं केंद्र उद्या, पाणी उतरलं तर. सेल, सोल्डरिंग गन आणि एक उंदराचा पिंजरा पिशवीत टाकलाय.